दाम, द्रम्म आणि ‘भ्रष्ट’ म्हणण्याची घाई

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत भाषेचा इतिहास शिकवताना काही शब्द आपण फारसा विचार न करता वापरतो. ‘अपभ्रंश’, ‘भ्रष्ट रूप’, ‘परकीय प्रभाव’, ‘अनुकरण’ हे त्यांपैकी नेहमीचे. नाणेशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतही हीच शब्दावली आढळते. एखाद्या नाण्यावरचा मुखवटा मूळ नमुन्यापासून दूर गेला की तो ‘अधोगत’, लेखातील अक्षरे ओळखू येईनाशी झाली की ती ‘भ्रष्ट’. दोन वेगवेगळ्या अभ्यासशाखांनी एकच निंदावाचक कोश वापरावा हा योगायोग आम्हांस वाटत नाही. मूळ शुद्ध होते आणि पुढचे सारे त्याची झीज होय, या एकाच गृहीतकातून दोन्ही निपजले आहेत. त्या गृहीतकाची परीक्षा साहित्याच्या अभ्यासकांनी नाण्यांच्या साहाय्याने करून पाहावी, असे आम्ही येथे सुचवू इच्छितो. कविता खोटी ठरली तर टीकाकार रागावतो. नाणे खोटे ठरले तर बाजार ते परत करतो. म्हणून रूप आणि विश्वास यांचा संबंध नाण्याइतका उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो.

इस्लामच्या पहिल्या शतकातील रुप्याचे एखादे दिरहम डोळ्यांसमोर आणावे. इराण जिंकून घेतलेल्या अरब सुभेदारांनी ते पाडले आहे. दर्शनी बाजूस मात्र पंख लावलेला मुकुट घातलेला एक राजा आहे, आणि तो आहे सासानी सम्राट दुसरा खुस्रो. त्याची कारकीर्द इ.स. ६२८ मध्येच संपली होती. मागील बाजूस अग्निवेदी व तिच्या दोहो अंगांस उभे असलेले दोन सेवक, म्हणजे जरथुष्ट्री धर्माचे सर्वांत ठळक चिन्ह. टांकसाळीचे नाव आणि वर्ष पहलवी लिपीत. अनेक नाण्यांवर अरब सुभेदाराचे नावही पहलवी अक्षरांतच. आणि या साऱ्याच्या बाहेर, नाण्याच्या काठावर, कूफी अरबीत दोन-तीन शब्द: बिस्मिल्लाह. विजेत्याचा धर्म समासात आणि पराजिताचा राजा मध्यभागी, असे हे पान आहे.

याला ‘अनुकरण’ म्हणून हातावेगळे करणे सोपे आहे. पण अनुकरण करणाऱ्याजवळ दुसरा पर्याय कोणता होता? इराणच्या बाजारपेठेला चार शतके ज्या रूपाची, वजनाची आणि कसाची सवय होती ते रूप सोडून नवे नाणे पुढे केले असते तर ते कोणी घेतले असते का? नव्या सत्तेला सैन्याचे पगार द्यायचे होते आणि शेतसारा वसूल करायचा होता. त्यासाठी तिला आधीच्या सत्तेच्या हस्ताक्षरात लिहावे लागले. तिने ते लिहिले आणि काठावर आपली सही केली. नवी सत्ता, नवा धर्म, नवी भाषा हे सारे प्रथम जुन्याच्या वळणाने लिहू लागते, हे या दिरहमचे साधे सांगणे आहे.

पूर्वेकडे, सोग्द प्रांतात, ही गुंतागुंत आणखी वाढते. समरकंदच्या सोग्दी राजांनी चिनी पद्धतीची, मध्ये चौकोनी छिद्र असलेली काशाची नाणी ओतली व त्यांवर सोग्दी अक्षरे घातली. बुखाऱ्यात पाचव्या शतकातील सासानी राजा पाचवा बहराम याच्या नाण्याचा नमुना धरून ‘बुखारखुदात’ नावाने ओळखली जाणारी नाणी पडत होती. त्यांवर बुखाऱ्याच्या राजाचा निर्देश सोग्दी लिपीत असे. अरब अंमल स्थिर झाल्यावरही हे रूप मोडले गेले नाही. मुखवटा राहिला, अग्निवेदी राहिली, सोग्दी अक्षरेही राहिली, पुढे त्यांच्या शेजारी खलिफा अल्-महदी (इ.स. ७७५ ते ७८५) याचे नाव अरबीत आले. इराणी रूप, सोग्दी लेख आणि अरबी नाव असे तीन थर एका तळहातावरच्या चकतीत बसले.

दहाव्या शतकातील इतिहासकार नरशखी याने बुखाऱ्याची जी हकीकत दिली आहे ती या संदर्भात फार बोलकी आहे. हारून अल्-रशीदच्या काळात गित्रीफ नावाचा सुभेदार आला, तेव्हा गावचे रुपे बाहेर चालले होते. आमच्यासाठी असे नाणे पाड की जे आमच्याकडून कोणी बाहेर नेणार नाही, अशी नगरवासीयांनी त्याच्याकडे मागणी केली. त्याने अनेक धातूंच्या मिश्रणाचे नाणे जुन्याच वळणाने पाडले. प्रथम लोकांनी ते घेण्यास नकार दिला. मग भाव ठरवून देऊन ते चालवावे लागले. अमिश्र रुपे जिकडे मागणी असेल तिकडे निघून जाते. मिश्र धातू गावात राहतो आणि गावाचा व्यवहार चालवतो. बोलींविषयी आणि प्रमाणभाषेविषयी विचार करणाऱ्याने ही गोष्ट जरूर ध्यानी घ्यावी.

या नाण्यांवरील बदल झीज नव्हेत, निर्णय आहेत, याचा उत्तम पुरावा कास्पियन समुद्राकाठच्या तबरिस्तानातून मिळतो. तेथे अब्बासी सुभेदार आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सासानी धर्तीचे अर्धे दिरहम पाडत होते. त्यांपैकी सुलैमान नावाच्या सुभेदाराला राजाचा मुखवटा खटकला असावा. त्याने चेहरा काढला, पण मुकुट व भोवतीची सारी चौकट तशीच ठेवली. चेहऱ्याच्या जागी एक शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आली आणि तिच्यात अरबी ‘बख’ म्हणजे ‘उत्तम’, ‘खरे’ एवढाच शब्द. मुकुटाखाली माणूस नाही, एक ग्वाही आहे. ज्याला हे ‘भ्रष्ट’ वाटते त्याने भ्रष्ट म्हणजे काय हे नव्याने सांगावे.

अर्थात या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उमय्यद खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६-९७) सोन्याचे आणि हिजरी ७९ मध्ये रुप्याचे नाणे पूर्णपणे बदलले. चित्र गेले, राजा गेला, वेदी गेली. उरली ती केवळ अक्षरे. जगातील नाण्यांच्या इतिहासात अक्षरांवर एवढा विश्वास टाकणारी घटना विरळाच. म्हणजे शुद्धीची इच्छाही खरी असते आणि ती यशस्वीही होऊ शकते. पण त्या शुद्ध नाण्यांची नावे पाहावीत. ‘दीनार’ हा रोमन ‘देनारियस’, ‘दिरहम’ हा ग्रीक ‘द्राख्मे’ पहलवीतील ‘द्रह्म’च्या वाटेने आलेला, आणि तांब्याचा ‘फल्स’ हा रोमन-बायझंटाइन ‘फोलिस’. चित्र पुसता आले, नाव पुसता आले नाही. शुद्धीकरण नेहमी दिसणाऱ्या थरापाशी थांबते. बोलण्यात मुरलेला थर तिच्या हाती लागत नाही.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण तोच ‘द्राख्मे’ आमच्या दाराशीही आलेला आहे. हूणांशी झालेल्या लढायांत सासानी राजा पेरोझ कैद झाला, त्याने खंडणी भरली आणि अखेर इ.स. ४८४ मध्ये तो मारला गेला. त्याची नाणी हूणांच्या हाती आणि त्यांच्याबरोबर भारतात आली. त्यांच्या नकला, नकलांच्या नकला राजस्थान, गुजरात, माळवा आणि कोकण येथे पुढे कित्येक शतके चालल्या. राजाचा चेहरा हळूहळू काही रेषा व ठिपके एवढाच राहिला, अग्निवेदी म्हणजे एक खांब आणि त्याभोवतीचे ठिपके. प्रतीहार सम्राट मिहिर भोजाने नवव्या शतकात आपल्या द्रम्मावर आदिवराह कोरला, तरी मागील बाजूस लेखाच्या खाली त्या वेदीच्या खुणा शिल्लक राहिल्याच. पश्चिम भारतातील या जाड, लहान नाण्यांना पुढे ‘गधैया’ म्हणू लागले. राजाच्या जागी लोकांना गाढव दिसले, अशी त्या नावाची लोकव्युत्पत्ती सांगतात. शिलाहारांच्या लेखांत येणारा ‘द्रम्म’ म्हणजे हेच नाणे असावे, असा अनेक नाणेतज्ज्ञांचा कल आहे.

येथे परळच्या शिलालेखाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शिलाहार राजा अपरादित्य याचा इ.स. ११८७ चा हा लेख मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकून तरी माहीत असतो, कारण संस्कृत लेखाच्या शेवटी दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत आहे. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहामुळे असे लेख अभ्यासक्रमात रूढ झाले. त्या शापातील गाढवाची चर्चा वर्गात चवीने होते. (या गाढवाचा आणि गधैया नाण्यातील गाढवाचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा.) लेखाच्या मुख्य भागाकडे मात्र कोणी वळत नाही. त्यात षट्षष्टी, म्हणजे साष्टी, येथील माहवली गावातल्या एका वाडीच्या उत्पन्नातून चोवीस द्रम्म वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद आहे. जुन्या अभ्यासकांनी हे गाव कुर्ल्याच्या परिसरात मानले आहे. कुर्ला आणि आमची गोवंडी यांच्यामध्ये हार्बर मार्गावर टिळकनगर व चेंबूर ही दोनच स्थानके लागतात. म्हणजे ज्या परिसरात आम्ही शिकवतो त्याच परिसरातील एका वाडीचा हिशेब आठशे वर्षांपूर्वी एका ग्रीक शब्दात, बहुधा इराणी वळणाच्या नाण्यांत मोजला गेला, शिवमंदिराला अर्पण झाला आणि त्याचे रक्षण मराठी शिवीवर सोपवले गेले. मराठीचा आरंभकाळ शिकवण्यासाठी याहून उत्तम पाठ आम्हांस ठाऊक नाही. मात्र तो शिकवताना आपण केवळ शेवटच्या ओळी वाचतो.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेले ताम्रपट याच धाग्यावरचे आहेत. राष्ट्रकूट काळातील शके ८४८ (इ.स. ९२६) च्या पटात संजान मंडलाचा अधिकारी म्हणून ‘मधुमती’ नावाचा ताजिक, म्हणजे अरब, पुरुष येतो. दुसऱ्या कृष्णाने त्याला तेथे नेमले होते. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय. या अधिकाऱ्याने नदीवर विनामूल्य तरीची सोय केली, अन्नसत्र घातले आणि देवीच्या मठिकेला दान दिले. परकी नाव इतक्या गोड रीतीने देशी होणे हे लेखकाचे अज्ञान नव्हते. भाषेने त्याला आपल्या घरात दिलेली ती जागा होती.

तथापि येथे थांबून ‘बघा, पूर्वी सारे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते’ असा निष्कर्ष काढणे आम्हांस मान्य नाही. मिश्रणाचे गोडवे गाणे हाही शुद्धीच्या आग्रहाइतकाच आळशी मार्ग आहे. महमूद गझनवीने लाहोरात, ज्याला त्याने महमूदपूर म्हटले, हिजरी ४१८ (इ.स. १०२७-२८) च्या सुमारास पाडलेल्या नाण्यावर एका बाजूस कूफी लिपीत कलमा आहे, तर दुसऱ्या बाजूस शारदा लिपीत त्याचेच संस्कृत रूपांतर: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. ईश्वर अव्यक्त आणि एक, प्रेषित म्हणजे अवतार! भाषांतराच्या अभ्यासकाला हा शब्द महिनाभर पुरेल. पण सोमनाथवरची स्वारी नुकतीच, वर्ष-दोन वर्षांपूर्वी, झालेली होती, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. नाण्यावरचे मिश्रण हा प्रेमाचा पुरावा नव्हे, तो गरजेचा पुरावा आहे. ज्या रयतेवर राज्य करायचे तिच्या भाषेवाचून कोणाचे चालत नाही. एवढे मान्य केले तरी पुष्कळ झाले.

मराठ्यांच्या नाण्यांकडे याच नजरेने पाहावे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर होनावर आणि शिवराईवर ‘श्री राजा शिव’, ‘छत्रपति’ ही देवनागरी अक्षरे आली. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवले गेले. अब्दुल मलिकच्या सुधारणेशी नाते सांगणारी ही कृती आहे आणि तिचे राजकीय तेज कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्या सोन्याच्या नाण्यावर ती अक्षरे आली त्याचे ‘होन’ हे नाव कन्नडच राहिले. पुढे पेशवाईत, मराठी फौजा दिल्लीपर्यंत जाऊन आल्यावरही, अंकुशी रुपयावर शाह आलमचे फारसी नाव चालत राहिले. अंकुश ही मराठ्यांची खूण कोपऱ्यात. ईस्ट इंडिया कंपनीने तेच केले. सुरती धर्तीच्या रुपयावर शाह आलमचे शेहेचाळिसावे राज्यवर्ष गोठवून ठेवून ती १८३५ पर्यंत नाणी पाडत राहिली. तेव्हा इतिहास मिश्रणाकडून शुद्धीकडे किंवा शुद्धीकडून ऱ्हासाकडे एका सरळ रेषेत चालतो, ही समजूत नाण्यांपुढे टिकत नाही. तो येरझाऱ्या घालतो.

भाषेचेही असेच आहे. ग्रीक ‘द्राख्मे’पासून संस्कृत ‘द्रम्म’, प्राकृत ‘दम्म’ आणि मराठी ‘दाम’. त्यातून दमडी, छदाम, दामदुप्पट. ‘दाम करी काम, बीबी करी सलाम’ या आपल्या घरगुती म्हणीत ग्रीक, संस्कृत, फारसी आणि अरबी असे चार वंश एका दमात येतात आणि म्हण अस्सल मराठी वाटते. ती आहेच तशी. ‘नाणे’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘नाणक’. कुषाणांच्या नाण्यांवर जी दिसते आणि सोग्दी पंजीकंदात जी प्रमुख देवता होती, त्या ‘नाना’ देवीशी काही अभ्यासकांनी हा शब्द जोडला आहे. हे मत सर्वमान्य नाही. पण आपल्या खिशातल्या शब्दाची वाट सोग्दपर्यंत जाऊ शकते, हा विचारच किती उत्साहवर्धक आहे!

भाषाशुद्धीच्या वादात माधव जूलियन यांचे उदाहरण आम्हांस सदैव विचार करावयास लावते. फारसीचे हे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला, १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ आली आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’. फारसी छंद मराठीत रुजवणाऱ्या कवीनेच फारसी शब्द काढून टाकण्याची बाजू मांडली. यास विसंगती म्हणून हसणे सोपे आहे. आम्हांस त्यात तबरिस्तानच्या नाण्याची आठवण होते: चेहरा काढला, मुकुट ठेवला. शब्द गेले तरी वृत्त राहिले, आणि गझल आज मराठीची आहे.

हा प्रश्न आज निकडीचा का? केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद आम्हांसही झाला. पण तेव्हापासून प्राचीनता आणि शुद्धता हे दोन शब्द समानार्थी असल्याप्रमाणे वापरले जाऊ लागले आहेत. ज्या सातवाहनांच्या आधारे आपण ही प्राचीनता सांगतो, त्यांची नाणी तरी पाहावीत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नहपानाची, त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला. क्षहरातांचा नाश करणाऱ्या या राजाने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. ती आपल्या खुणेखाली चालवली आणि अनेक नाण्यांवर जुना चेहरा नव्या ठशाखालून आजही डोकावतो. पुढच्या सातवाहन राजांच्या रुप्याच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत, तर दुसऱ्या बाजूस एक द्राविडी भाषा आहे. आपली प्राचीनता ही अशी आहे. ती शुद्ध नाही, म्हणूनच ती टिकली.

गोवंडी-मानखुर्दकडच्या आमच्या वर्गांत मराठी शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी उर्दू, भोजपुरी किंवा मराठवाड्याच्या बोली चालतात. ‘फारसीचे आक्रमण’, ‘भ्रष्ट उच्चार’ हे मथळे आम्ही फळ्यावर लिहितो तेव्हा ते केवळ भूतकाळाविषयी राहत नाहीत; समोरच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या जिभेविषयी होतात. तिने ‘दाम’ म्हटले, ‘सलाम’ म्हटले, तर ती मराठीत पाहुणी ठरत नाही. तिचा शब्द परळच्या दगडाइतका किंवा त्या म्हणीइतका जुना असू शकतो, आणि हे तिला सांगण्याचे काम भाषेच्या शिक्षकाचे आहे. ते दयेपोटी करायचे नाही, अभ्यासाचा भाग म्हणून करायचे आहे.

म्हणून आमचे म्हणणे माफक आहे. कोरीव लेखांच्या अभ्यासपत्रिकेत शापवाक्याबरोबर दानाचा हिशेबही वाचला जावा. एखादे गधैया नाणे, निदान त्याचे चित्र, वर्गात हातोहात फिरावे. ‘प्रभाव’ या शब्दाऐवजी, कोणी कोणाचे रूप का घेतले, त्यात काय ठेवले आणि काय काढले, हे प्रश्न परीक्षेत विचारले जावेत. आणि ‘भ्रष्ट’ हा शेरा लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने एवढे तरी दाखवावे की ते नाणे बाजाराने नाकारले होते. परळच्या लेखातील चोवीस द्रम्म कोणी परत केल्याची नोंद नाही.